तोरिआएझु, बीरु!

जपानमधल्या कुठल्याही शहरात संध्याकाळी सातच्या सुमारास इझाकायामध्ये शिरून बघा. इझाकाया म्हणजे आपल्याकडचा बारही नव्हे आणि खानावळही नव्हे, दोन्हीच्या मधलं काहीतरी. ऑफिस सुटलेली मंडळी टाय सैल करून बसत असतात. बूड टेकतं न टेकतं तोच त्यांच्यातला एकजण हाक मारतो, "तोरिआएझु, बीरु!" म्हणजे "बाकीचं नंतर बघू, आधी बीअर तर आणा!" मेनू कार्ड अजून कुणी उघडलेलंही नसतं. मग घाम फुटलेले जाड काचेचे मग येतात, वर बोटभर फेस. सोबत न मागता आलेली चिमूटभर चटकमटक, आणि मग सावकाश याकितोरी, काराआगे, ग्योझा, वाफवलेल्या शेंगा.

जपानला फिरायला किंवा ऑनसाइट गेलेल्या बहुतेकांच्या आठवणीत हे चित्र पक्कं बसतं. आणि ते इतकं सहज असतं, की हे असंच हजारभर वर्षं चालत आलं असणार असं वाटावं. देवळं, किमोनो, साके, सुशी आणि थंडगार लागर! प्रत्यक्षात या जोडीचं वय जेमतेम दीडशे वर्षांचं आहे. ती जुळायला बर्फ लागला, सरकारी फाईल लागली, दोन-तीन माणसांची आयुष्यं लागली आणि भरपूर कर लागला. आजचा वीकेंड लेख या दीडशे वर्षांवर.

आधी थोडं तांत्रिक. इंजिनिअरच्या पानावर आला आहात, तेवढं सहन करा :)

बीअर म्हणजे जवाला मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे, त्याचं गोड पाणी काढायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं उकळायची आणि यीस्ट घालून आंबवायचं. यीस्टच्या ढोबळमानाने दोन जाती. एक नेहमीच्या तापमानाला, साधारण २० अंशांच्या आसपास, भराभर काम करते. तिच्यापासून एल बनते. दुसरी थंडीत, साधारण १० अंशांच्या आसपास, निवांतपणे काम करते आणि त्यानंतर ती बीअर शून्याच्या जवळपास कित्येक आठवडे मुरवावी लागते. तीच लागर. 'लागर्न' म्हणजे जर्मन भाषेत साठवून ठेवणं. बव्हेरियातले लोक हिवाळ्यात बर्फ कापून तळघरात भरायचे आणि त्यावर लागर मुरवायचे. म्हणजे यंत्राने थंडी तयार करता येण्याआधीच्या काळात लागर बनवायची तर तुमच्याकडे बर्फ पाहिजे. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे या जर्मन इंजिनिअरने शीतयंत्र बनवलं, ते म्युनिकच्या एका बीअर कारखान्याच्या मदतीनेच. आपल्या घरातला फ्रिज हा एका अर्थाने बीअरचा नातेवाईक आहे, हे घरच्यांना सांगायला हरकत नाही.

आता जपान. सतराव्या शतकापासून जवळजवळ दोनशे वर्षं या देशाने बाहेरच्या जगाला दारं बंद करून ठेवली होती. युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना परवानगी, तीही नागासाकीजवळच्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटापुरती. बीअर जपानला कळली ती या डचांकडून. जपानी शब्द 'बीरु' हा डच 'बीर'वरूनच आला. पण ती होती परक्यांची चीज, चाखलीच तर एखाद्या विद्वानाने कुतूहल म्हणून.

१८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी काळी जहाजं घेऊन आला, दारं उघडली आणि १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. बंदर म्हटलं की खलाशी आले, आणि खलाशी म्हटलं की बीअर आली. १८६४ मध्ये विल्यम कोपलंड नावाचा एक गृहस्थ इथे येऊन दाखल झाला. मूळचा नॉर्वेचा, नंतर अमेरिकन झालेला. बीअर बनवणं तो एका जर्मन माणसाच्या हाताखाली शिकलेला. योकोहामाच्या टेकडीवर अमानुमा भागात त्याला गोड्या पाण्याचा झरा सापडला आणि १८७० च्या सुमारास त्याने तिथे 'स्प्रिंग व्हॅली ब्रुअरी' काढली. थंडीसाठी पठ्ठ्याने टेकडीच्या पोटात लांबलचक बोगदा खणला आणि त्यात बीअर मुरवायला ठेवली. परदेशी लोक तर प्यायचेच, पण आसपासचे जपानी लोकही अमानुमाची बीअर म्हणून ती ओळखायला लागले.

बर्फाचीही तेव्हा मोठी गंमत होती. योकोहामाच्या परदेशी वस्तीला लागणारा बर्फ थेट अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजाने यायचा. बॉस्टनच्या तळ्यांतला हाच बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला पोचला होता आणि नंतर मुंबईलाही यायला लागला. आपल्या फोर्टात त्यासाठी खास बर्फघर बांधलं होतं. म्हणजे एका काळी मुंबईचे शेटजी आणि योकोहामाचे गोरे व्यापारी एकाच गावचा बर्फ पेल्यात घालत होते! जपानमध्ये या बॉस्टनच्या बर्फाला शह दिला नाकागावा काहेई नावाच्या उद्योजकाने. अनेक ठिकाणी बर्फ कापायचे त्याचे प्रयत्न फसले. शेवटी उत्तरेकडच्या हाकोदातेमधल्या गोर्योकाकु या ताऱ्याच्या आकाराच्या किल्ल्याच्या खंदकात गोठलेला बर्फ त्याने १८७० च्या आसपास योकोहामाला आणून विकला. 'हाकोदाते बर्फ' म्हणून तो गाजला.

उत्तर, बर्फ, थंडी. गोष्ट आता तिकडेच चालली आहे.

१८६८ मध्ये मेइजी राजवट आली. नव्या सरकारने १८६९ मध्ये उत्तरेच्या होक्काइदो बेटाच्या 'विकासासाठी' काइताकुशी नावाचं खातं काढलं. विकास हा शब्द मी अवतरणात टाकला, कारण ते बेट रिकामं नव्हतं. तिथे आइनु लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. त्यांच्या जमिनी, शिकार, मासेमारी, भाषा, सगळ्यावर या विकासाने पाणी पडलं. जपानच्या संसदेने त्यांना मूळनिवासी म्हणून कायद्यात मान्यता दिली ती थेट २०१९ मध्ये. 'साप्पोरो' हे नावसुद्धा आइनु भाषेतून आलेलं आहे. जगभरच्या दुकानांत त्या नावाचे कॅन दिसतात, पण ते नाव मुळात कुणाच्या तोंडचं होतं हे त्या कॅनवर कुठे लिहिलेलं नसतं.

काइताकुशीने अमेरिकेहून होरेस केप्रन या माजी कृषी आयुक्ताला सल्लागार म्हणून आणलं. त्याच्या चमूतल्या थॉमस अँटिसेलला होक्काइदोत रानटी हॉप्सच्या वेली दिसल्या आणि इथे हॉप्स लावा असं त्याने सुचवलं. जव पिकतो आहे, हॉप्स उगवतील, तर मग बीअर का नको? सरकारने ठरवलं, बीअरचा कारखाना काढायचा. कुठे? तर तोक्योमध्ये. सगळे मोठे साहेब तोक्योत, गिऱ्हाईक तोक्योत, खात्याची शेतीही तोक्योत. आधी तिथे प्रयोग करू, जमलं तर मग होक्काइदोला हलवू असा बेत. कुठल्याही हेड ऑफिसमध्ये ठरेल तसाच.

इथे मुराहाशी हिसानारी नावाचा एक अधिकारी आडवा आला. हा सात्सुमाचा सामुराई. परदेशी जाणं हा जेव्हा देहदंडाचा गुन्हा होता तेव्हा, १८६५ मध्ये, सात्सुमा संस्थानाने चोरून इंग्लंडला पाठवलेल्या तरुणांपैकी एक. त्याने वर अर्ज केला की बाबांनो, लागरला बर्फ लागतो, थंडी लागते, ती होक्काइदोत फुकट आहे. शेवटी जे तिकडेच न्यायचं आहे ते तोक्योत बांधून पुन्हा हलवायचं कशाला? पहिल्यापासून तिकडेच बांधा. आश्चर्य म्हणजे वरच्यांनी ऐकलं! आर्किटेक्चरचा निर्णय प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच योग्य माणसाने योग्य कारणासाठी बदलून घेतला, असं उदाहरण मी तरी फार कमी पाहिलंय.

बनवणारा कोण? तर नाकागावा सेइबेई. (हा दुसरा नाकागावा, बर्फवाला नव्हे.) तोही १८६५ मध्येच, सतराव्या वर्षी, कायदा मोडून देशाबाहेर पळालेला. इंग्लंड, मग जर्मनी. तिथे आओकी शूझो या जपानी गृहस्थाच्या ओळखीने तो बर्लिनजवळच्या फ्युर्स्टनवाल्डच्या बीअर कारखान्यात लागला आणि १८७३ ते १८७५ अशी दोन वर्षं सगळं काम अंगमेहनतीने शिकला. परत आला तेव्हा जर्मन कारखान्यात रीतसर लागर शिकलेला जपानी माणूस म्हणून सरकारला तोच हवा होता.

सप्टेंबर १८७६ मध्ये साप्पोरोत कारखाना उघडला. उद्घाटनाला पिंपांची उतरंड रचली आणि त्यांवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की जव आणि हॉप्स यांपासून बीअर नावाची दारू बनते. जाहिरात नव्हे, सरळ डॉक्युमेंटेशनच! कारण बघायला आलेल्या बहुतेकांना ही काय भानगड आहे हे ठाऊकच नव्हतं. साप्पोरोच्या बीअर म्युझियमबाहेर आजही तशी पिंपं रचलेली आहेत. मी तिथे गेलो तेव्हा सगळे पर्यटक त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते. म्युझियमची लाल विटांची इमारत १८९० ची, पण मुळात ती साखर कारखान्याची होती.

पहिली 'साप्पोरो बीअर' १८७७ मध्ये बाजारात आली. लेबलवर काइताकुशीचं चिन्ह, लाल तारा. मुराहाशीने मोठ्या कौतुकाने काही बाटल्या तोक्योला गृहमंत्री ओकुबो तोशिमिची यांच्याकडे पाठवल्या. उघडून बघतात तर बाटल्या रिकाम्या! प्रवासात आतल्या वायूने बुचं उडवली होती आणि बीअर वाटेतच सांडली होती. पहिली डिलिव्हरी, सर्वांत मोठा क्लायंट, आणि पॅकेजिंग फेल. हे वाचताना माझ्या पोटात गोळाच आला..

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. १८८१ मध्ये काइताकुशीची मालमत्ता खाजगी मंडळींना विकायचा घाट घातला गेला. जिथे सरकारचे सुमारे १ कोटी ४० लाख येन गेले होते ते सगळं चार लाखांहूनही कमी येनला, तेही ३० वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांनी. देशभर ओरड झाली आणि विक्री रद्द करावी लागली. त्याच वर्षी मुराहाशीने नोकरी सोडली, पुढे घरदारही सोडलं आणि तो भटकत राहिला. १८९२ मध्ये कोबेमध्ये रस्त्याच्या कडेला एक आजारी, कंगाल माणूस पडलेला सापडला आणि थोड्याच दिवसांत मेला. तो मुराहाशी होता. त्याचा जुना वरिष्ठ कुरोदा कियोताका याने मग तोक्योत त्याचे अंत्यसंस्कार केले. आज साप्पोरोत त्याचा अर्धपुतळा आहे.

नाकागावाचंही फार बरं झालं नाही. कारखाना १८८६ मध्ये खाजगी झाला, नंतर जर्मन तज्ज्ञ आणला गेला आणि १८९१ मध्ये नाकागावा बाहेर पडला. १९१६ मध्ये तो योकोहामात वारला. आणि कोपलंड? भागीदाराशी कोर्टबाजी झाली, १८८४ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं आणि कारखाना लिलावात गेला. पुढच्याच वर्षी त्याच जागेवर परदेशी गुंतवणूकदारांनी नवी कंपनी उभी केली. १८८८ मध्ये तिने किरिन नावाची बीअर आणली. कोपलंड १९०२ मध्ये योकोहामात वारला, तिथल्याच परदेशी दफनभूमीत त्याची कबर आहे. साप्पोरो आणि किरिन, दोन्ही नावं आज जगाला माहीत आहेत. ज्यांनी पाया घातला त्यांची किती जणांना माहीत असतात?

असो. पुढे कंपन्या भराभर वाढल्या. १८९० मध्ये तोक्योत एबिसु बीअर आली. तिच्या मालवाहतुकीसाठी बांधलेल्या स्टेशनला बीअरचंच नाव पडलं आणि मग सगळ्या वस्तीला. गावावरून बीअर नव्हे, बीअरवरून गाव! १८९२ मध्ये ओसाकात आसाही. १८९९ मध्ये तोक्योच्या गिंझा भागात बीअर हॉल निघाला, अर्धा लिटर १० सेनला. आता प्रश्न आला की सोबत खायला काय द्यायचं? बीअरबरोबर काय खातात हे कुणाला ठाऊक? म्हणून त्यांनी मुळ्याच्या पातळ चकत्या ठेवल्या. लोकांना काही त्या रुचल्या नाहीत, मग कोलंबीचे वगैरे खारवून आटवलेले प्रकार आले. म्हणजे बघा, १८९९ मध्येसुद्धा जपानी खाणं आणि बीअर ही जोडी ठरलेली नव्हती. लोक चाचपडत होते.

मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट पुढेच आहे. लागर जपानी जेवणाला जुळली असं आपण म्हणतो, पण ते जेवण तरी कुठे जुनं आहे? मेइजी बादशहाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं ते १८७२ मध्ये. त्याआधी चार पायांच्या प्राण्यांचं मांस खाणं कित्येक शतकं निषिद्ध मानलं जायचं, चोरूनमारून खात असतील तेवढंच. तोनकात्सु हे युरोपियन कटलेटचं जपानी रूप. ग्योझा घरोघर पोचले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, मांचुरियातून परतलेल्या लोकांबरोबर. कोंबडी स्वस्त होऊन याकितोरी गल्लोगल्ली झाली ती १९६० च्या दशकात. होक्काइदोत बीअरसोबत खातात ते जिंगिसुकान, म्हणजे तव्यावर भाजलेलं मेंढीचं मांस, तेही लोकरीसाठी सरकारने मेंढ्या पाळायला लावल्या म्हणून. तेम्पुरा त्यातल्या त्यात जुना, पण तोही पोर्तुगीजांकडून आलेला. म्हणजे जुन्या जेवणात परकी बीअर घुसली असं झालंच नाही. दोघं एकाच काळात, एकाच घरात वाढले. म्हणून इतके जुळतात.

आणि आपण त्यांना हसायचं कारण नाही. आपली एकादशीची थाळी बघा. साबुदाणा, बटाटा, मिरची, शेंगदाणे, यांतला एकही पदार्थ मूळचा इथला नाही. बरेचसे पोर्तुगीज जहाजांतून आलेले. पण उपासाला ते चालतात, आणि इथलाच गहू चालत नाही! परंपरा किती जुनी आहे यापेक्षा ती किती मनापासून पाळली जाते, यावर तिचं जुनेपण ठरतं बहुतेक.

चवीचं गणितही आहेच. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, वाळवलेला मासा आणि समुद्री शेवाळ यांचं हलकं पाणी. (शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, दिसायला निव्वळ भाजी असली तरी तिच्यात दाशी असते. आधी विचारा.) ही चव फार नाजूक. जास्त सुगंधी, जड पेय तिला दाबून टाकतं. लागर मुळात साधी, त्यात जपानी कंपन्या अनेकदा तांदूळ आणि मक्याचं स्टार्च घालून ती आणखी हलकी करतात. थंडी, बुडबुडे आणि कडवटपणा मिळून जिभेवरचं तेल धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. घशातून उतरतानाच्या त्या सुखाला जपानीत 'नोदोगोशी' असा खास शब्दच आहे.

घरोघरी ही जोडी पोचवली ती फ्रिजने. महायुद्धात परिस्थिती अशी होती की बीअर रेशनवर गेली आणि १९४३ मध्ये सगळ्या कंपन्यांची नावं लेबलवरून गेली, नुसतं 'बीअर' एवढंच राहिलं. युद्धानंतर १९५० च्या दशकात टीव्ही, वॉशिंग मशीन आणि फ्रिज यांना गमतीने 'तीन पवित्र ठेवी' म्हणायला लागले. ज्या थंडीसाठी मुराहाशीला कारखाना उत्तरेला न्यावा लागला, ती आता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आली.

१९८५ मध्ये आसाहीचा बाजारातला वाटा १० टक्क्यांखाली घसरला होता. त्यांनी तोक्यो-ओसाकातल्या ५००० लोकांना विचारलं की तुम्हाला चव कशी हवी. जेवण आता तेलकट होत चाललंय, तर बीअर कोरडी, गोडवा न रेंगाळणारी हवी असा निष्कर्ष काढून १९८७ मध्ये 'सुपर ड्राय' आली. उद्दिष्ट होतं १० लाख खोक्यांचं, पहिल्या वर्षी खपली १ कोटी ३५ लाख. १९९८ मध्ये आसाहीने किरिनला मागे टाकलं. हे सगळं कशामुळे, तर जेवणात काय आहे हे आधी विचारलं म्हणून.

शेवटी कर. बीअरवर कर बसला १९०१ मध्ये आणि तो भरमसाट वाढत गेला. कायद्यात बीअरची व्याख्या होती, कच्च्या मालात पाण्याव्यतिरिक्त किमान ६७ टक्के माल्ट. मग १९९४ मध्ये सनटोरीने ६५ टक्के माल्टचं पेय काढलं. कायद्याने ती बीअर नाही, 'हाप्पोशु', म्हणून कर कमी! १९९६ मध्ये सरकारने ५० टक्क्यांच्या वर कर वाढवला, तर कंपन्या २५ टक्क्यांच्याही खाली गेल्या. पुन्हा कर वाढला, तर वाटाण्याच्या प्रथिनापासून बीअरसारखं काहीतरी आलं. स्पेसिफिकेशनमधली फट शोधणारे फक्त सॉफ्टवेअरवाले असतात असं कोण म्हणतं? शेवटी २०१७ च्या करसुधारणेत सरकारने ठरवलं की टप्प्याटप्प्याने ऑक्टोबर २०२६ पासून सगळ्यांवर ३५० मिलीला ५४.२५ येन असा एकच कर लावायचा.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी "अस्सल परंपरा" म्हणून टेबलावर मूठ आपटली, की हा मग आठवा. नॉर्वेचा माणूस, बर्लिनजवळ शिकलेला पोरगा, आइनु लोकांची जमीन, खंदकातला बर्फ, मांचुरियाचे ग्योझा आणि एका कंगाल होऊन मेलेल्या सामुराईचा अर्ज, एवढं सगळं त्या एका घोटात असतं. त्याने चव बिघडत नाही. उलट घोट थोडा सावकाश घेतला जातो, एवढंच.

जपानला गेलात तर एक रीत पाळा. बाटली आली तर स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. तो तुमचा भरतो. आणि योकोहामात असाल तर वाकडी वाट करून टेकडीवर त्या दफनभूमीपाशी जाऊन या. आत जायला वेळा आहेत, पण कुंपणाबाहेरूनही कोपलंडला मनातल्या मनात "कानपाइ" म्हणता येतं.